दयारामचं ऊन

स्लाइड सरकली आणि पडद्यावर दयाराम आला.

कोकिळेचा पदर सावरणारा हात खांद्यावरच राहिला. तो दयाराम नाही हे तिला लगेच कळलंही. परदेशातल्या कुठल्याशा दवाखान्यात काढलेला एका मुलीचा फोटो होता तो. ओळखू येऊ नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली. पण पट्टीखालचं सगळं दयारामचं होतं. गालांवर, नाकाच्या शेंड्यावर, थेट ओठांच्या कडांपर्यंत काळे-तपकिरी ठिपके, कुणी मूठभर मसूर तोंडावर फेकून मारावेत आणि ते तिथंच रुतावेत तसे. मधूनच पांढुरकी, ताणलेली, चकाकणारी कातडी. आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यात ती जखम, जिच्यावर माय हळद दाबायची आणि जी कधीच भरली नाही. दयारामला जाऊन वीस वर्षं झाली होती. त्याचा फोटो घरात नव्हता. ठरवून आठवायला बसलं तर कोकिळेला आपल्या या थोरल्या भावाची पाठ आठवायची, पायांचे तळवे आठवायचे, आवाजसुद्धा आठवायचा. चेहरा यायचा नाही. तो असा खामगावात, कॉलेजच्या हॉलमध्ये, भर दुपारी पडदे ओढून केलेल्या अंधारात, बाकांवरच्या मुलामुलींच्या डोक्यांवरून तिच्यासमोर आला. पुढच्या रांगेतल्या मुली ‘ईऽ’ करून मागे सरल्या. त्यांच्यावर ओरडावं असं तिच्या मनात आलं.

मुंबईहून व्याख्यानाला आलेले डॉक्टर पडद्याशेजारी छडी घेऊन उभे होते. वयस्कर, बारीक अंगाचे, आवाज अगदी सपाट. ते म्हणत होते, पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते हे तुम्ही सगळे शिकता. पण ज्याची नक्कल करायची ते मूळच रोज बिघडत असतं, त्याचं काय? उन्हातले अतिनील किरण कातडीत शिरतात, तिथल्या धाग्यावरची शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात, आणि नक्कल करणारी यंत्रणा त्या जागी अडखळते. निरोगी माणसाच्या पेशीत काही एन्झाइमं सतत धाग्यावरून फिरत असतात. चिकटलेली जागा सापडली की ती दोन्ही बाजूंनी कापायची, तुकडा काढून टाकायचा, समोरच्या धाग्याकडे बघून रिकामी जागा पुन्हा भरायची. तुम्ही आत्ता फाटकापासून या हॉलपर्यंत उन्हातून आलात ना, डॉक्टर म्हणाले, तेवढ्यात तुमच्या हातांवर हे असंख्य ठिकाणी झालं, आणि तुम्ही इथं बसून ऐकताय तोवर ते दुरुस्तही होतंय. या मुलीत ते कापणारं एन्झाइमच नाही. तीन-चार वर्षांपूर्वीच हे कुणाच्या तरी लक्षात आलं. ऊन लागतं, बिघडतं, तसंच राहतं; बिघडलेल्याचीच नक्कल होते, नकलेची नक्कल होते, आणि एक दिवस एखादी पेशी थांबायचं विसरून वाढतच सुटते. छडीचं टोक ओठाच्या त्या जखमेवर टेकलं.

कोकिळा चार वर्षं हाच धडा शिकवत आली होती. फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी पीळ घातलेला जिना काढायचा. ए समोर टी, जी समोर सी. जिना मधोमध उसवतो, प्रत्येक अर्ध्याच्या समोर दुसरा अर्धा नव्यानं उभा राहतो, एकाचे दोन होतात. मुलं माना खाली घालून उतरवून घेत. तिलाही तो धडा आवडायचा, त्यातल्या नेटकेपणासाठी आवडायचा. त्यात कुणाचा चेहरा असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. अंधारात तिनं स्वतःचा हात उलटा करून पाहिला. सावळा, साधा, मनगटावर बांगडीचा वळ उमटलेला हात. सकाळी दोनदा उन्हातून आलेला. म्हणजे आत कुठं तरी, तिनं न मागता, तिला न सांगता, या हाताची डागडुजी चालू होती. ती शाळेत जात होती तेव्हा, नागपूरला वसतिगृहात होती तेव्हा, मायशी भांडून जेवायची नाही तेव्हासुद्धा. एकाच आईच्या पोटी, एकाच घरात, तिला जे मिळालं ते दयारामला मिळालं नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिला रडू आलं नाही.

व्याख्यानानंतर प्राचार्यांच्या खोलीत चहा होता. बाकीचे प्राध्यापक मुंबईच्या हवेबद्दल विचारत होते. कोकिळा कप हातात धरून डॉक्टरांजवळ गेली.

“या मुलांसाठी काही औषध?”

“औषध नाही. ऊन टाळायचं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. ढगाळ दिवसाचंसुद्धा.”

“आणि टाळलं तर?”

“लहानपणापासून टाळलं तर मूल जगतं, बाई. पुष्कळ जगतं.” त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तुमच्या पाहण्यात कुणी आहे का?”

“होता,” ती म्हणाली. “माझा भाऊ.” आणि बोलता बोलताच तिला दुसरं एक तोंड आठवलं. संक्रांतीला ती वडनेरला घरी गेली होती. धाकट्या भावाची, रंगरावची मुलगी मंजुळा, दोन वर्षांची, तिच्या मांडीवर बसून तीळगुळाचे दाणे वेचत होती, आणि तिच्या नाकावर, डोळ्यांखाली बारीक बारीक ठिपके होते. तीळ आहेत, नशिबाची आहे पोरगी, असं बना, भावजय, हसत म्हणाली होती. अंगणात नेली की पोरगी डोळे घट्ट मिटून रडायची. सर्दी असेल, असं कोकिळाच म्हणाली होती. “आहे,” ती डॉक्टरांना म्हणाली. “अजून एक आहे.”

“आईवडील नात्यातले?”

“भावानं मामाची मुलगी केलीय. माझ्या आईवडिलांचंही तसंच.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. “मग वेळ घालवू नका,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एस.टी.त बसली. खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं. फाल्गुनातलं ऊन, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या काड्या शेतांतून उभ्या होत्या आणि मधल्या रिकाम्या काळ्या जमिनीतून वाफ हलत होती. आयुष्यभर पाहिलेलं हे ऊन आज तिला अनोळखी वाटलं. शेजारच्या बाईनं मांडीवरच्या लेकराचं तोंड खिडकीकडे केलं होतं आणि ते डोळे किलकिले करून हसत होतं. किती सहज हसत होतं. दयाराम उन्हात हसलेला तिला आठवत नव्हता. तो हसायचा दिवेलागणीला. ऊन उतरलं की त्याच्या अंगात वारं शिरायचं. गोठ्यापासून मारुतीच्या पारापर्यंत तो असा पळायचा की गल्लीतली धडधाकट पोरं मागे राहायची. दिवसा मात्र तो सावल्यांचा हिशेब ठेवायचा. कोणत्या वेळी गोठ्याची सावली कुठवर येते, कडुनिंबाची सावली कधी विहिरीला लागते, बैलगाडीखाली किती वेळ बसता येतं, हे त्याला पाठ होतं. “कोकिळे, आता इकडं ये, आता इथं गार झालं,” असं म्हणून तो तिला बोलवायचा, आणि ती जायची, त्याच्या अंगाला येणाऱ्या हळदीच्या वासाशेजारी बसायची. पोरं त्याला शिवायची नाहीत. तिला मात्र त्याचे ठिपके म्हणजे त्याचं नाक असावं तसे, असणारच, असे वाटायचे.

तो वर्षाचा झाला आणि तोंडावर पहिले डाग उठले, तेव्हा झुंबरबाई सुईणीनं मायला विचारलं होतं, पोटुशी असताना सूर्यग्रहणात काय चिरलं? मायला काही आठवेना. झुंबरबाई म्हणाली, आठवून पाह्य. माय आठवत राहिली. रात्रंदिवस आठवत राहिली, आणि शोधता शोधता तिला सापडलं: आंबाडी. आंबाडीची जुडी तिनं विळीवर चिरली होती. ग्रहण लागायच्या आधी, की लागल्यावर, की सुटल्यावर, हे तिला स्वतःलाही नक्की सांगता येत नव्हतं, पण चिरली होती. मग बाकीचं सोपं होतं. सूर्याचा अपराध केला, सूर्यालाच शरण जायचं. रोज सकाळी दयारामला अंघोळ घालून, अंगात सदरा न घालता, अंगणात पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवायचं. माय शेजारी हात जोडून उभी. ऊन ओसरीची पायरी चढेपर्यंत. आधी तो रडायचा. मग रडायचा थांबला. कोकिळेला ओसरीवरून दिसायची ती त्याची पाठ. चेहरा आठवत नाही आणि पाठ आठवते, हे का, ते तिला बसच्या खिडकीपाशी कळलं. बाबा, उकंडराव, हयात असताना एकदा म्हणाले होते, “अवं, पोराले तरास व्हते,” आणि माय त्यांच्यावर अशी फिरली होती की ते पुन्हा बोलले नाहीत. तरास व्हनारच, माय म्हणाली होती, पाप माह्यं हाय.

नांदुऱ्याला बस बदलताना कोकिळेला एकदम परत फिरावंसं वाटलं. ती मायला काय सांगणार होती? ग्रहणानं काही होत नाही, आंबाडीनं काही होत नाही, तुझा काही दोष नव्हता. तीस वर्षं तू जे छातीवर घेऊन झोपलीस ते उतरवून ठेव. एवढंच सांगायचं असतं तर ती धावत गेली असती. पण त्या वाक्याला लागूनच दुसरं वाक्य होतं. ग्रहणानं झालं नाही, उन्हानं झालं. ज्या उन्हात तू त्याला रोज बसवलंस त्या उन्हानं. पहिलं सांगून दुसरं लपवता येईल का, याचा विचार ती करत राहिली. येईल, असं तिनं ठरवलं. मंजुळेपुरतं बोलायचं. नव्या डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला ऊन सोसत नाही, आत ठेवा. दयारामचं नावच काढायचं नाही. तो गेला, त्याच्यासाठी आता काही करता येत नव्हतं. मायसाठी मात्र अजून करता येत होतं.

तिच्या मनात दुसराही एक विचार अधूनमधून डोकं वर काढत होता. दयारामला दोन्हीकडून बिघडलेलंच मिळालं, म्हणजे माय आणि बाबा दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत होती, एकेक चांगली. तिच्याकडे काय आलं असेल? तीन शक्यतांपैकी दोन, ती बिघडलेली एक प्रत घेऊन हिंडत असण्याच्या. मामाचा धाकटा मुलगा उत्तमराव दोन वर्षं तिच्या होकाराची वाट पाहत होता. चांगला माणूस होता. मलकापूरला बदली करून घेईन, तुझी नोकरी सुटणार नाही, असं स्वतः येऊन म्हणाला होता. आणि तिला तो नको होता असंही नव्हतं. त्याच्या बोलण्यातला तो संथपणा तिला रात्री आठवायचा. बसमध्ये बसून तिनं त्याच्यापासून होणारी, तोंडावर ठिपके नसलेली आणि असलेली मुलं मनात पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

वडनेरला उतरून ती घराच्या वळणावर आली तेव्हा अंगण उन्हानं भरलेलं होतं. मधोमध पाट. पाटावर माय, मनकर्णाबाई, पांढऱ्या पातळात, आणि मांडीवर उघडी मंजुळा. पोरीनं तोंड आजीच्या छातीत खुपसलं होतं. माय तिची हनुवटी धरून चेहरा हळूहळू उजेडाकडे वळवत होती. तिच्या हातात जरासुद्धा राग नव्हता. तेच कोकिळेला पाहवेना. ती धावली, पिशवी तिथंच टाकली, पदर पोरीच्या डोक्यावरून ओढून तिला उचलली आणि घरात शिरली. मातीच्या छताच्या त्या धाब्याच्या घरातला गार काळोख डोळ्यांवर आला.

माय मागोमाग आली. “कोकिळे? काय झालं वं? आज कशी आली तू? सुट्टी हाय का?”

“माय, हिले उनात काऊन बसोलं?”

“अवं, सेवा हाय ते. पुरी व्हऊ दे ना. आन तिले इकडं.”

“नाही.” घराचा उंबरा ओलांडला की कोकिळेची खामगावची भाषा गळून पडायची. “आजपासून हे बंद. मी काल मोठ्या डॉक्टरले इचारलं. हिले ऊन सोसत नाही. इस्तवाजवळ बसोल्यासारखं हाय तिच्यासाठी. दिवसभर घरात ठेवा लागते.”

मायनं दाराची चौकट धरली. बना शेतावर गेली होती, रंगरावही. घरात तिघीच. मंजुळा कोकिळेच्या खांद्यावर हुंदके देत देत शांत होत होती.

“हे दयारामसारखंच हाय,” माय म्हणाली.

“नाही, माय. हे वेगळं हाय.”

“मले सांगतं वेगळं हाय म्हनून? म्या त्याचं तोंड ह्या हातानं धुतलं. एकेक डाग मले ठाऊक हाय कसा उठला. बनाच्या पोटात हे होतं तवा ग्रहनाच्या दिवशी म्या तिले हालू नाही देल्लं, पानी नाही देल्लं, तरी आलं. माह्यं पाप सरलं नाही, म्हनून आलं.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुमचा डॉक्टर शिकेल असन. पन दयाराम कशानं जगला सांग? झुंबरबाई म्हने, दोन वर्सांत जाईन. चांगला धा वर्सांचा झाला तो. पळाला, खेळला. म्या रोज उभी राह्यली सूर्यासमोर म्हनून त्यानं मले इतके वर्सं देल्ले. हिलेबी देईन. आन पोरीले.”

तिनं हात पुढे केले.

कोकिळा त्या हातांकडे पाहत राहिली. बसमध्ये तिनं सगळ्या बाजूंनी विचार केला होता. ही बाजू तिला सुचली नव्हती. मायकडे फक्त अपराध असेल असं ती धरून चालली होती. माय इतकी वर्षं कशावर उभी होती हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मायच्या हिशेबात ती अपराधी होती आणि तिनं आपल्या लेकराला वाचवलंही होतं, जमेल तेवढं, जमेल तितके दिवस. आता तिला वेगळं आहे म्हणून सांगितलं तर ती पोरीला उन्हात नेणार. तेच आहे म्हणून सांगितलं तर त्या वर्षांतलं काहीच तिच्यापाशी उरणार नव्हतं. मंजुळेचा श्वास तिच्या मानेवर गरम लागत होता. हळद आणि दूध असा काहीतरी वास येत होता.

“माय, बस,” ती म्हणाली. “बस खाली. हे तेच हाय.”

आणि तिनं सांगितलं. कॉलेजमधल्या शब्दांतला एकही शब्द कामाला आला नाही. ऊन लागलं का आपलं सगळ्याहिचं कातडं आतून बिघडते, ती म्हणाली, तुह्यंबी आन् माह्यंबी. पन आतल्या आत ते नीट व्हत राहते, आपल्याले समजतबी नाही. बिघडलं तेवढं काढून टाकाचं, पहिलं कसं होतं ते पाहून पुन्हा भराचं, असं अंगातच असते. दयारामच्या अंगात ते नव्हतं. ते दोघाहिकून याव लागते, मायकून नाही तं बापाकून. एकाकून आलं तरी चालते. त्याले दोघाहिकूनबी नाही आलं. मंजुळेलेबी नाही.

“माह्याकून नाही आलं?”

“तुह्याकून आन् बाबाकून. तुमच्या हातातली गोष्ट नाही ते. ज्याच्या त्याच्याकडं जे असते तेच देल्ल्या जाते.”

“आन् आंबाडी?”

“आंबाडीचं काही नाही, माय. ग्रहनाचंबी नाही. कधीच नव्हतं.”

मायनं मान हलवली, एखादा निरोप ऐकून घ्यावा तशी. कोकिळेला क्षणभर वाटलं, एवढ्यावरच थांबेल, पुढचं तिच्या ध्यानात येणार नाही. मग मायनं दाराबाहेर पाहिलं. पाट उन्हात तसाच होता.

“तो सरकत जात होता,” ती म्हणाली. “पाटावरून. कडुनिंबाची सावली जिकून येये, तिकडं. मी पुन्हा वढून आनत होती.”

“माय.”

“एक खेप मले म्हने, माय, उद्या आभाळ येईन का? म्या म्हनलं, कायले पाह्यजे तुले आभाळ? तं बोलला नाही.” मायनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. “त्याले ठाऊक होतं कोकिळे. एवढ्याशा जिवाले ठाऊक होतं. आन् मी कोनाकोनाले इचारत फिरली. त्याले तेवढं इचारलं नाही.”

कोकिळेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मायनं तो झटकला नाही आणि त्याच्याकडे कललीही नाही. कोकिळेला वाटलं होतं ती आक्रोश करेल, भिंतीवर डोकं आपटेल, शिकलेल्या लेकीला शिव्या देईल. त्या सगळ्याची तिनं तयारी केली होती. माय फक्त बसून राहिली. बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली, घुंगरं वाजली आणि विरली. मंजुळा झोपली. दुपारी बना आली, चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या, मायनं ताटावर बसून अर्धी भाकर खाल्लीसुद्धा.

संध्याकाळी रंगराव आला. त्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला आणि मग चिडला. “आक्का, पोरगी कास्तकाराची हाय. तिले काय कनगीत कोंडून ठेवू? शाळा? लगन? कोन करीन अंधारातली पोरगी?” बना कोपऱ्यात तोंडावर पदर घेऊन रडत होती. कोकिळा त्याला पुन्हा समजावू लागली, पण तिचे शब्द तिलाच पुस्तकी वाटायला लागले. तेवढ्यात माय उठली. कोनाड्यातला कंदील लावून तिनं खुंटीला अडकवला.

“रंगा,” ती म्हणाली, “मायले उलटून बोलाचं तं बोल. पोरगी दिवसाची बाहेर निंघनार नाही. मी तिच्यासंग आत राहीन. तुमी दोघं वावर पाहा.” आणि मग, बनाकडे न बघता, “रडू नोको बना. ती जिती हाय.”

कोकिळा दोन दिवस राहिली आणि खामगावला परतली. वर्गात तो धडा पुढच्याच आठवड्यात आला. तिनं जिना काढला, उसवला, पुन्हा जोडला. मग पुस्तकात नसलेला भाग सांगायला लागली आणि मधेच थांबली. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे चूक राहिली तरी माणूस जगू शकतो?” कोकिळेनं हातावरची खडूची भुकटी झटकली. जगू शकतो, ती म्हणाली, पण कुणीतरी चोवीस तास जवळ लागतं. मुलींना ते विज्ञानाचं उत्तर वाटलं नसावं. त्या लिहायच्या थांबल्या. घरून काही निरोप आला नाही. तिला झोप लागेनाशी झाली. मी गेले नसते तर, असा विचार ती सुरू करायची आणि मंजुळेची हनुवटी धरलेला तो हात समोर यायचा आणि विचार तिथंच तुटायचा. सांगितलं ते बरोबर होतं, याबद्दल तिला शंका नव्हती. बरोबर असण्यानं काहीच हलकं होत नाही, एवढंच तिला नव्यानं समजत होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत ती वडनेरला गेली. घर ओळखू येईना. खिडक्यांना, दाराला दुहेरी गोणपाट, धाब्यातल्या उजेडाच्या भोकावर मडकं पालथं घातलेलं. आत डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसलं: सारवलेल्या जमिनीवर मंजुळा दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंड्यांची गाडी करून ओढत होती. तिच्या तोंडावरचे ठिपके होते तितकेच होते. कोकिळेनं कंदील जवळ नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं. नवा नव्हता. मायचं मात्र वय दहा वर्षांनी वाढल्यासारखं दिसत होतं. दिवसाउजेडी तीही बाहेर पडत नव्हती. कातडी फिक्कट, पिठूळ झाली होती, पापण्या जड. पोरीबरोबर दिवसा झोपायची, पोरीबरोबर दिवेलागणीला उठायची. बना म्हणाली, आत्याबाई आता सूर्यनारायणाले हात नाही जोडत, आक्का. देवाऱ्यापाशीबी बसत नाही.

संध्याकाळ व्हायला आली होती. बना चुलीपाशी होती. माय मंजुळेच्या केसांना तेल लावत होती.

“उत्तमचं म्या भावाले नाही म्हनून कळोलं,” ती एकदम म्हणाली. “तुले इचारलं नाही. रागावशीन तं रागाव.”

कोकिळेला वाटलं होतं, हे ऐकून आपण सुटलो असं वाटेल. तसं वाटलं नाही. उत्तमरावचं ते संथ बोलणं कानात येऊन गेलं. “बरं केलं,” ती म्हणाली.

माय बोटांनी केसांतला गुंता सोडवत राहिली. “तुले एक इचारू? इतकी शिकली तू म्हनून इचारतो.”

“इचार.”

“पह्यले माह्या हातून ग्रहनात चुकलं होतं. तवा मले सूर्य होता. रोज उठून त्याले म्हनत होती, बाबा, माफ कर. तो करो का न करो, म्हनाले कोनीतरी होतं.” तिचा हात पोरीच्या डोक्यावर थांबला. “आता ते काहीच नाही म्हनतं तू. त्याचा कोप नव्हता. दोष नव्हता. मंग म्या दयारामले उनात बसोलं, त्याची माफी मी कोनाले मागू?”

चुलीवरची भाकर फुगून वाफ सुटल्याचा आवाज झाला. कोकिळेनं उत्तर शोधलं. तुझा दोष नाही असं म्हणता आलं असतं, ते खरंही होतं, आणि मायनं ते विचारलं नव्हतं. तिनं तेलाची वाटी उचलून कोनाड्यात ठेवली. मायनं फार वाट पाहिली नाही. तिनं वेणी घातली, लाल रिबिनीची गाठ मारली.

मंजुळा उठून दारापाशी गेली. गोणपाटाला हात न लावता, अंतर राखून उभी राहिली. “आजी,” ती म्हणाली, “गेलं ऊन?”

माय गुडघ्यांवर हात टेकून उठली. पोरीला तिनं मागं सारलं, गोणपाटाची कड बोटभर बाजूला केली आणि आपला उघडा हात बाहेर काढून अंगणावर धरला. बराच वेळ धरून ठेवला.

“थांब पोरी,” ती म्हणाली. “अजून जरासं हाय.”